इंग्रजांनी बाजार सोडला, माल कोणाचा अडला?



ब्रिटनबरोबर आपल्या देशाचा व्यापार करार झाला. २४ जुलै २०२५ रोजी त्यावर सह्या झाल्या. तालुक्याच्या बैठकीत त्याची चर्चा चालू होती, तेव्हा मागच्या रांगेतून एका भावाने विचारले, "त्या गोऱ्यांनी युरोप सोडला काय अन् धरला काय, माझ्या पऱ्हाटीला त्याचं काय?" बैठक हसली. आम्हीही हसलो. पण प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नव्हता, म्हणून हा लेख.

देशाने व्यापाराच्या एखाद्या गटात जावे की बाहेर राहावे, हा वाद आपल्याला नवा नाही. १९९३-९४ साली डंकेल प्रस्तावावरून गावोगाव भांडणे झाली. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये आपल्या सरकारने आशिया-पॅसिफिकच्या मोठ्या व्यापार करारातून अंग काढून घेतले. न्यूझीलंडचे दूध येऊन आपल्या गवळ्याला बुडवील, ही भीती त्या वेळी सर्वांत मोठ्याने बोलली गेली. दोन्ही वेळा दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव घेतले आणि दोन्ही वेळा भांडण झाले ते भाकितांवर. तो म्हणे असे होईल, हा म्हणे तसे होईल. ब्रिटनच्या बाबतीत भाकिताची गरज उरलेली नाही. एका मोठ्या देशाने ४७ वर्षे बाजारपेठेत राहून, लोकांची मते घेऊन, ती बाजारपेठ सोडली. तिथल्या शेतकऱ्याचे काय झाले ते डोळ्यासमोर घडले आहे. दुसऱ्याच्या शेतात झालेला प्रयोग फुकटात पाहायला मिळत असेल तर बांधावर उभे राहून पाहून घ्यावा.

आधी जुनी ओळख सांगतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला. तेव्हा साहेबाला वऱ्हाडच्या काळ्या मातीची आठवण झाली. पुढे १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तो काही आपल्या देवदर्शनासाठी नव्हता. याच ब्रिटनने १८४६ साली स्वतःकडचे धान्य आयातीवरचे कायदे रद्द करून मोकळ्या व्यापाराचे कीर्तन सुरू केले होते. आणि याच ब्रिटनच्या राज्यात १८९६ साली इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनशुल्क बसले, कशासाठी, तर लँकेशायरच्या कापडाला इथे अडचण होऊ नये म्हणून. म्हणजे दार कधी उघडायचे आणि कधी लावायचे हे साहेबाला चांगले कळते, अशी आपली समजूत होती. २०१६ साली ती खोटी ठरली.

युरोपातल्या देशांनी १९५७ साली रोमला करार करून सामायिक बाजारपेठ उभी केली. ब्रिटन सुरुवातीला बाहेर राहिले, मग आत यायला निघाले, तर फ्रान्सच्या द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ असे दोनदा दार लावून घेतले. शेवटी १ जानेवारी १९७३ रोजी प्रवेश मिळाला. १९७५ साली सार्वमत घेतले, तेव्हा ६७ टक्के लोकांनी आत राहण्याच्या बाजूने कौल दिला.

या बाजारपेठेची शेतीविषयक व्यवस्था आम्हाला कधीच मान्य नव्हती आणि ते लपवण्याचे कारण नाही. शेतमालाला आत जगापेक्षा चढे भाव, बाहेरच्या मालावर जबर आयातशुल्क आणि जास्तीचा माल सबसिडी लावून दुनियेच्या बाजारात ओतायचा, असा तो कारभार होता. लोण्याचे डोंगर आणि दारूची तळी, असे त्याचे वर्णन युरोपातलेच लोक करीत. ग्रीस १९८१ साली आत आला तेव्हा कापसाच्या सबसिडीचे कलम बरोबर घेऊन आला. ग्रीस आणि स्पेनमधल्या थोड्या कापूसवाल्यांना युरोपच्या तिजोरीतून किलोमागे मिळणारे पैसे जगात सर्वांत चढ्या मदतींपैकी होते. त्याच कापसाच्या भावाशी झुंज घेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे आफ्रिकेतले चार गरीब देश २००३ साली कानकूनच्या परिषदेत ओरडत होते. आपण त्यांच्याच रांगेतले. तेव्हा युरोपच्या या व्यवस्थेतून कोणी बाहेर पडले म्हणून आम्ही छाती पिटून घेणार नाही.

ब्रिटिश शेतकऱ्याच्या तक्रारीही खोट्या नव्हत्या. पुढे पुढे ही सबसिडी भावावर न देता जमिनीच्या क्षेत्रावर दिली जाऊ लागली. ज्याची जमीन मोठी त्याची थैली मोठी. राणीच्या सँड्रिंगहॅम इस्टेटीलाही ती मिळे. आणि थैलीबरोबर कागद येत. ब्रुसेल्सच्या नियमाने २०१५ पासून ३० हेक्टरांवरच्या शेतकऱ्याला किमान तीन पिके घेणे भाग पडले. तिथला शेतकरी यावर चिडला होता. (आम्ही कपाशीत तूर आणि ज्वारीत मूग कोणत्याही कायद्याशिवाय आजोबांच्या काळापासून घेत आलो. साहेबाने विचारले असते तर सांगितले असते.) सांगायचे एवढेच की आपल्या शेतात काय पेरायचे हे परगावचा कारकून ठरवतो, याचा राग आपल्याला समजतो. लेव्ही आणि जिल्हाबंदी सोसलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

२३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के, राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के. त्याआधीचे चार महिने जो वाद झाला तो वाचण्यासारखा आहे, कारण तसाच वाद आपल्याकडे प्रत्येक कराराच्या वेळी होतो.

बाहेर पडा म्हणणाऱ्यांनी एक लाल बस रंगवली आणि देशभर फिरवली. आपण युरोपला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आपल्या दवाखान्यांना देऊ, असे त्यावर लिहिले होते. त्या देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचे सांगितले, कारण ब्रिटनला मिळणारी सूट त्यातून वजाच केली नव्हती. शेतकऱ्यांना मिळणारे पैसे तर परत येत होते ते वेगळेच. बस मात्र फिरत राहिली. आत राहा म्हणणारे काही कमी नव्हते. सरकारच्या अर्थखात्याने जाहीर केले की बाहेर पडलो तर २०३० पर्यंत घरटी वर्षाला ४,३०० पौंडांचा खड्डा पडेल. नुसता कौल लागला तरी लगेच मंदी येईल आणि पाच लाख लोक बेकार होतील, असेही सांगितले. कौल लागला. पौंड घसरला, पण ती मंदी आली नाही आणि बेकारीही वाढली नाही. लोक म्हणाले, पाहा, भीती दाखवत होते.

आमच्या मते त्या विद्वानांची मोठी चूक तिथेच झाली. बाजार तुटल्याचा तोटा गारपिटीसारखा एका रात्रीत दिसत नाही. तो वाळवीसारखा असतो, तुळई वरून धडधाकट दिसते. सरकारच्या जमाखर्चाचा अंदाज बांधणारे तिथले स्वतंत्र कार्यालय पुढे बरीच वर्षे हेच सांगत आले की युरोपात राहिलो असतो त्याच्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात चार टक्क्यांनी कमी राहील. हा आकडा बसवर लिहिण्यासारखा नाही आणि त्याने कोणी घाबरतही नाही. पण चार टक्के म्हणजे दर पंचवीस पोत्यांत एक पोते.

या सगळ्या गदारोळात शेतकरी कुठे होता? इंग्लंड-वेल्समधल्या राष्ट्रीय शेतकरी संघटनेने एप्रिल २०१६ मध्ये ठराव केला की शेतकऱ्यांचे हित आत राहण्यात आहे. पण त्याच सुमारास एका शेती साप्ताहिकाने शेतकऱ्यांची मते घेतली, तर निम्म्याहून अधिक शेतकरी बाहेर पडण्याच्या बाजूचे निघाले. पुढारी एकीकडे, शिवार दुसरीकडे. त्यांना बाहेरच्या बाजूचे नेते सांगत होते की ब्रुसेल्सचे नियम जातील आणि ब्रुसेल्सकडून मिळतो तेवढा पैसा तरी मिळतच राहील. नियम जाणार आणि पैसा राहणार, असे आश्वासन कोणत्याही देशात कोणत्याही पुढाऱ्याने दिले, तर त्याच्याकडून ते स्टँपपेपरवर लिहून घ्यावे.

त्यानंतरची साडेचार वर्षे भांडणात गेली. सविस्तर सांगत बसत नाही. कॅमेरॉन गेले, थेरेसा मे आल्या. त्यांचा करार २०१९ साली पार्लमेंटने तीनदा फेटाळला, पहिल्या वेळी तर २३० मतांनी. मग बोरिस जॉन्सन आले. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले आणि त्या वर्षअखेरपर्यंत जुनेच नियम चालू राहिले. २४ डिसेंबर २०२० रोजी नवा करार ठरला. दोन्ही बाजूंच्या मालावर आयातशुल्क शून्य आणि कोटा नाही. पेपरांनी लिहिले, सुटलो.

शेतकरी सुटला नाही. शुल्क शून्य होते, कागद शून्य नव्हते.

स्कॉटलंडच्या बटाट्याचेच घ्या. थंड हवेमुळे तिथला बियाण्याचा बटाटा रोगमुक्त निघतो आणि त्याची ख्याती जुनी आहे. युरोपातले शेतकरी तो पिढ्यानपिढ्या नेत होते. युरोपचा नियम असा की बाहेरच्या देशातून बियाण्याचा बटाटा घ्यायचा नाही. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री ब्रिटन 'बाहेरचा देश' झाले आणि दुसऱ्या दिवसापासून तो बाजार बंद झाला. बटाटा तोच, शेत तेच, घेणारा तोच. रातोरात बटाट्याला रोग लागला नव्हता. गंमत म्हणजे उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचाच भाग असूनही युरोपच्या नियमांखाली ठेवला गेला. त्यामुळे स्कॉटलंडच्या शेतकऱ्याला आपल्याच देशाच्या दुसऱ्या तुकड्यात बियाणे पाठवता येईना. ती गाठ २०२३ मध्ये सोडवावी लागली. स्कॉटलंडने तर ६२ टक्के मते आत राहण्यासाठी दिली होती. बटाटा मतपत्रिका विचारत नाही.

मांसाचे, दुधाच्या पदार्थांचे असेच. माल पाठवायचा तर प्रत्येक वेळी सरकारमान्य पशुवैद्याची सही हवी, त्याचे पैसे द्यायला हवेत, बंदरावर तपासणी हवी. मोठी कंपनी एका मालाचे ट्रकच्या ट्रक पाठवते, तिला एक कागद पुरतो. लहान उत्पादक चारपाच जणांचा माल एका ट्रकमध्ये घालून पाठवतो. त्यातल्या एकाच्या कागदावर शिक्का चुकला की सगळा ट्रक उभा. ताजा माल उभ्या ट्रकमध्ये किती दिवस टिकतो हे टोमॅटोवाल्याला विचारा. लहानांपैकी अनेकांनी युरोपला माल पाठवणेच सोडून दिले. पहिला मार बसला तो त्यांना, शेजारच्या गिऱ्हाइकावर जगणाऱ्यांना.

आणि आता खरी मेख पाहा. युरोपने ब्रिटनच्या मालाची तपासणी १ जानेवारी २०२१ पासून सुरू केली. ब्रिटनने युरोपच्या मालाची तपासणी कधी सुरू केली? पाच वेळा पुढे ढकलत ढकलत २०२४ साली. जानेवारीत कागद आणि एप्रिलअखेर प्रत्यक्ष तपासणी. कारण काय, तर शहरातल्या दुकानांत टंचाई होईल, महागाई वाढेल. म्हणजे तीन वर्षे युरोपचा शेतकरी ब्रिटनमध्ये बेधडक माल आणत होता आणि ब्रिटनचा शेतकरी पलीकडच्या बंदरावर शिक्क्यासाठी रांगेत होता. सरहद्द स्वतःच्या हातात घेण्यासाठी ज्यांनी मते दिली, त्यांच्या सरकारने सरहद्द हातात आल्यावर ती आपल्याच शेतकऱ्यावर चालवली. हे वाचताना काही ओळखीचे वाटते का?

मजुरांचे सांगू. स्ट्रॉबेरी, कोबी, सफरचंद यांच्या तोडणीला तिथे रोमानिया-बल्गेरियाचे मजूर येत, कारण बाजारपेठ एक होती. तो रस्ता बंद झाला. मग हंगामी परवाने काढावे लागले, २०१९ मध्ये २,५०० पासून सुरुवात करून ते पुढे ४० हजारांच्या वर न्यावे लागले. आता नेपाळ, इंडोनेशिया, किरगिझस्तान इथून माणसे आणतात. २०२१ च्या शरद ऋतूत खाटीकखान्यात कापणारे हात नाहीत म्हणून हजारो निरोगी डुकरे शेतकऱ्यांना गोठ्यावरच मारून टाकावी लागली. त्यात कोरोनाचाही वाटा होता, सगळे खापर एकाच माथी फोडणे बरोबर नाही. पण कापूस फुटून बोंडे लोंबत आहेत आणि वेचायला माणूस नाही, हे दुःख ज्याने पाहिले त्याला ती डुकरे कळतील.

खरे ते सांगितले पाहिजे म्हणून एक उलट गोष्टही नोंदवतो. ब्रिटनमधून निर्यात होणाऱ्या मेंढीच्या मांसापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक युरोपात जात असे. बाहेर पडल्यावर वेल्सच्या डोंगरातला मेंढपाळ बुडेल, असे जवळजवळ सर्व जाणकारांनी लिहिले होते. तो बुडाला नाही. शुल्क शून्य राहिले, न्यूझीलंडचे बरेच मांस चीनकडे वळले आणि पुढच्या काही वर्षांत भाव चांगले चढले. तेव्हा बाहेर पडले की सगळेच संपते, असे आम्ही म्हणत नाही. आणि हेही खरे की ब्रिटन युरोपच्या संघात असते तर आपल्याशी स्वतंत्र करार करूच शकले नसते. बाहेर पडण्याने काही दारे उघडली. प्रश्न एवढाच की उघडलेल्या दारातून कोण आत आले.

पहिले आले ते ऑस्ट्रेलियाचे गोमांस. १७ डिसेंबर २०२१ रोजी तो करार झाला. पहिल्या वर्षी ३५ हजार टन शुल्काविना, ते वाढत दहाव्या वर्षी १ लाख १० हजार टन. मोकळ्या व्यापाराला आमचा विरोध नाही, पण सौदा करणाऱ्याने काहीतरी मागून तरी घ्यावे. करार झाला तेव्हा जॉर्ज युस्टिस हे तिथले शेती सांभाळणारे मंत्री होते आणि सार्वमतात ते बाहेर पडण्याच्या बाजूचे होते. मंत्रिपद गेल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनीच पार्लमेंटमध्ये कबूल केले की हा करार ब्रिटनच्या दृष्टीने काही फार चांगला नव्हता, दिले फार आणि मिळाले थोडे. खुर्चीवर असताना का बोलला नाहीत, हे विचारण्यात अर्थ नाही. खुर्चीचा तो गुणच आहे.

मग पैसा. क्षेत्रावर मिळणारी सबसिडी इंग्लंडमध्ये २०२१ पासून टप्प्याटप्प्याने कमी करून २०२७ पर्यंत संपवायची, असे ठरले. त्याऐवजी कुंपणाची झुडपे जपा, पाखरांसाठी पट्टे सोडा, मातीची काळजी घ्या आणि त्याचे पैसे घ्या, अशी योजना आली. कल्पना वाईट नाही. पण ११ मार्च २०२५ रोजी त्या योजनेत नवे अर्ज घेणे अचानक बंद केले, पैसे संपले म्हणून. ज्यांनी जुनी भाकरी सोडून नवीसाठी ताट पुढे केले होते, त्यांच्यापैकी कित्येकांचे ताट रिकामे राहिले. ब्रुसेल्सचा कागद सात वर्षांच्या अंदाजपत्रकाला बांधलेला असे, तो कितीही किचकट असो. लंडनची तिजोरी दर अर्थसंकल्पाला शेतीकडे नव्याने पाहते, आणि ज्या देशात शेतीचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नात एक टक्काही नाही तिथे ती कोणत्या नजरेने पाहणार?

इथे कोणी म्हणेल, सबसिडी गेली तर तुम्ही कशाला रडता, तुम्ही तर सबसिडीच्या विरोधातले. बरोबर आहे. म्हणूनच न्यूझीलंडचे उदाहरण देतो. १९७३ साली ब्रिटन युरोपात गेले तेव्हा न्यूझीलंडच्या लोण्याचे आणि मेंढीचे हक्काचे गिऱ्हाईक हातातून जाऊ लागले. सरकारने सबसिड्या वाढवल्या, तिजोरी रिकामी झाली आणि १९८४ साली नव्या सरकारने शेतीच्या सबसिड्या जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या. दहा टक्के शेतकरी उठतील असे भाकीत होते, प्रत्यक्षात उठले एक टक्क्याच्या आसपास. कारण सबसिडी काढतानाच बंधनेही काढली. निविष्ठा आयातीची मोकळीक, माल कुठेही न्यायची मोकळीक आणि स्वतःच्या हिमतीवर शोधलेल्या नव्या बाजारपेठा. मेंढ्या निम्म्याहून कमी झाल्या, दूध वाढले. त्याच दुधाला आपण २०१९ साली घाबरलो.

ब्रिटनमध्ये हे उलटे झाले. तिथे आधार काढला त्याच वेळी शेजारचा बाजारही आकसला. मजुरांची वाट अडली, कागद वाढले आणि दूरच्या मालाला दार उघडले. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले. आधार काढायचा तर बाजार मोकळा करा, आणि बाजार अडवायचा तर त्याची भरपाई द्या. दोन्हीकडून शेतकऱ्यालाच पिळायचे, याला काय सार्वभौमत्व म्हणायचे?

राजकारणाचा शेवट तर आणखी मजेशीर आहे. कॅमेरॉनपासून स्टार्मरपर्यंत आठ वर्षांत सहा पंतप्रधान झाले. हुजूर पक्षाचा २०२४ च्या निवडणुकीत धुव्वा उडाला. आणि १९ मे २०२५ रोजी मजूर पक्षाच्या सरकारने युरोपशी समझोता केला की शेतमाल आणि अन्नाच्या तपासण्या कमी करण्यासाठी ब्रिटन त्या बाबतीत युरोपचेच नियम पाळण्याच्या दिशेने जाईल, ते बदलतील तसे बदलेल. पूर्वी ते नियम ठरवताना ब्रिटनचा मंत्री टेबलावर बसून हात वर करू शकत होता. आता टेबल तेच, नियम तेच, खुर्ची नाही.

आता पऱ्हाटीकडे येतो, कारण मागच्या रांगेतला भाऊ अजून वाट पाहत असेल.

बाजारपेठ सोडणे म्हणजे काय, हे आपल्याला लंडनकडून शिकण्याची गरजच नाही. १९७२ पासून जवळपास तीस वर्षे महाराष्ट्राच्या कापसाला राज्याची सरहद्द ओलांडायला बंदी होती. एकाधिकार खरेदी म्हणत तिला. देश एक, कायदा एक, पण पलीकडच्या राज्यात चार पैसे जास्त मिळत असतील तर बंडी रात्रीच्या अंधारात नाल्यातून न्यायची. आमच्यातल्या अनेकांनी ती नेली आहे. नाक्यावर पकडले तर शेतकरी चोर. इकडे केंद्रावर चारचार दिवस मुक्काम, ग्रेडरने बोटांत चिमटीभर कापूस धरून तोंड वाकडे केले की वर्षाच्या घामाची प्रत खाली. तेव्हाही सांगत होते की ही भिंत तुमच्याच भल्यासाठी आहे.

ती भिंत गेली तरी चावी आपल्या हातात आली नाही. १९ एप्रिल २०१० रोजी केंद्राने कापूस निर्यातीची नवी नोंदणी थांबवली. ५ मार्च २०१२ रोजी निर्यात एका फटक्यात बंद केली, ओरड झाल्यावर आठवडाभरात ती ढिली केली. भाव चढला की दाराला कुलूप. आणि २०२५ मध्ये काय केले? अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क बसवले, कापड गिरण्या अडचणीत आल्या. तर बाहेरून येणाऱ्या कापसावर २०२१ पासून असलेले ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस वेचून घरात यायचा काळ. लांब धाग्याचा हमीभाव कागदावर ८,११० रुपये आणि अनेक बाजारांत पहिल्या वेचणीचा कापूस त्याच्या बराच खाली गेला. ओलाव्याचे कारण सांगून आणखी कापला तो निराळा. हे दार आम्ही उघडू नका म्हणत नाही. आम्ही म्हणतो, मग निर्यातीचे दारही त्याच तारखेला कायमचे उघडे करा, त्याला पुन्हा कुलूप लावण्याचा अधिकार सोडा, आणि हंगामाच्या मध्यावर नियम बदलू नका.

ब्रिटनच्या करारात भारतीय कपड्यांवरचे शुल्क शून्य करायचे ठरले आहे. बांगलादेशच्या कपड्याला तिथे आधीच शुल्क नाही, तेव्हा आपल्या कापडवाल्यांची एक अडचण यातून दूर होते. चांगली गोष्ट आहे. पण शर्टाचे शुल्क गेल्याने कापसाचा भाव आपोआप चढतो, हे गणित आम्हाला कोणी मांडून दाखवावे. शर्ट लंडनला जाईल, त्यातला कापूस यवतमाळचा असेल की ब्राझीलचा, हे कराराच्या कागदावर लिहिलेले नसते. ते ठरते इकडच्या शुल्काने आणि इकडच्या कुलपाने. ज्वारीवाल्याला तर या कागदात शोधूनही आपले नाव सापडणार नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत हा विषय घेतला आहे. करार चांगला की वाईट, यावर भाषणे नकोत, ती टीव्हीवर पुष्कळ होतात. येताना प्रत्येकाने २०२५-२६ च्या हंगामातल्या कापूस विक्रीच्या पावत्या आणाव्यात. शुल्क माफ असताना, म्हणजे ३१ डिसेंबरच्या आत विकलेल्या मालाच्या वेगळ्या, आणि नंतर विकलेल्या मालाच्या वेगळ्या. ज्यांनी खेडा खरेदीत विकला आणि ज्यांच्याकडे पावती नाही, त्यांनी तारीख, वजन, किती कट्टी लावली आणि हातात किती पैसे पडले, एवढे साध्या चिठ्ठीवर लिहून आणावे. मायबहिणींनी वेचणीची मजुरी किलोमागे काय दिली तेही लिहावे. हिशेब फळ्यावर सर्वांसमोर मांडू.